समुपदेशकाचा हप्ता

दिवाळी दहा-अकरा दिवसांवर आली की आमच्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात संध्याकाळी माणूस चालत नाही, सरकतो. सुपारी हनुमानाजवळ दुचाकी टेकवायला जागा नसते, आणि औरंगपुऱ्याकडून आलेली गर्दी सिटी चौकाकडून आलेल्या गर्दीला दुकानांच्या पायऱ्यांवरच भिडते. परवा त्या गर्दीतून एका कापडदुकानात शिरलो. काउंटरवरचे गृहस्थ बावीस वर्षे तिथे तागे उलगडत आहेत. गिऱ्हाईक जरा ओसरले तसे त्यांनी खिशातून एक जुने बिल काढले. मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने मांडणी केलेली होती: फी, होस्टेल, मेस, जाणे-येणे. खाली रेघ. रेघेखाली ५,००,०००. त्याच्याखाली 'हप्ता' एवढा एकच शब्द, आणि पुढची जागा कोरी.

त्यांची लेक मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या जूनमध्ये पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात दोन वर्षांच्या एम.ए.ला जायचे म्हणते. "साहेब, तुम्ही पेपरवाले. हे मनाचं शिकून लेकराला पगार किती पडतो?" त्यांनी विचारले. मनाच्या शिक्षणाबद्दल पैशाचे विचारणे बरे दिसत नाही, हेही त्यांच्या चेहऱ्यावर होते.

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२पासून हा दिवस पाळला जातो. महाविद्यालयांत पोस्टर स्पर्धा होतील, शपथ घेतली जाईल, पाहुणे सांगतील की मन मोकळे करा, बोला, मदत मागा. हे सारे आवश्यकच आहे. पण ज्याच्याकडे जाऊन बोलायचे त्याच्या शिक्षणाचा खर्च कुणी केला, तो कसा फिटतो आणि फिटेपर्यंत तो माणूस कुठे बसतो, हे कोणत्याच व्यासपीठावरून विचारले जात नाही. कापडदुकानातला तो प्रश्न आजच्या दिवसाचा खरा प्रश्न आहे. त्याला संकोचाची गरज नाही.

आधी हिशेब पुरा करू. पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज, दरवर्षी अडीच लाख उचललेले, व्याज समजा दहा टक्के. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण व्याजाला रविवार नसतो. पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर दोन वर्षांचे ५० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज सव्वासहा लाखांवर गेलेले असते. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये आणि एकूण परतफेड सुमारे ८ लाख ७० हजार. हप्ता झेपत नाही म्हणून मुदत दहा वर्षे करून घेतली तर तो ८,३०० वर येतो, पण परतफेड जवळपास दहा लाखांची होते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेले, म्हणजे पहिल्या वर्षी महिना २,१०० आणि पुढे ४,२०० च्या आसपास, तर मूळ पाच लाखच राहतात आणि सात वर्षांचा हप्ता ८,३०० पडतो. दुकानातल्या पगारातून ते साधेल का, हे त्या गृहस्थांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

या हिशेबात एक रक्कम कुणीच धरत नाही. बी.ए. झालेली मुलगी शहरात महिना बारा हजारांची नोकरी करू शकली असती असे मानले, तर दोन वर्षांत बुडालेला पगार २ लाख ८८ हजार होतो. आता एम.ए.मुळे तिला एरवीपेक्षा महिना दहा हजार जास्त मिळू लागले असे समजू. खर्चलेले आणि बुडालेले मिळून साडेअकरा लाख भरून यायला जवळजवळ दहा वर्षे लागतील. हेच एम.ए. तिने घरी राहून इथल्या सरकारी विद्यापीठात केले आणि दोन वर्षांत फी, पुस्तके, जाणे-येणे मिळून साठ हजार खर्च झाले, तर तीन वर्षांत हिशेब जुळतो. आकडे उदाहरणाचे आहेत. ज्याने त्याने त्यांच्या जागी आपापले घालावेत. एकाच नावाच्या दोन पदव्यांत सात वर्षांचे अंतर पडू शकते, एवढे मात्र त्यातून दिसेल.

मग महाग पदवी कुणी का घ्यावी? कारण स्वस्त पदवी अनेकदा अर्ध्या रस्त्यात सोडते. साध्या एम.ए.ने 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीचा रस्ता आजवर एम.ए.नंतरच्या आणखी दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमावलीत एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती दिलेली मुदत २०२५-२६ या वर्षापर्यंतची होती. त्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. त्यामुळे माहितीपत्रकात 'क्लिनिकल' हा शब्द दिसला की पालकाने पहिला प्रश्न विचारावा: याला परिषदेची मान्यता आहे का, आणि असेल तर लेखी दाखवा. क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञांची नोंद २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक आयोग कायद्याखाली यायची आहे. ती घडी नीट बसेपर्यंत चार महिन्यांचा कोर्स केलेला माणूस आणि सहा वर्षे शिकलेली मुलगी एकाच रस्त्यावर 'समुपदेशक' अशी एकसारखी पाटी लावू शकतात. गिऱ्हाईकाला पाटीवरून फरक कळत नाही, ते फीवरून निवडते.

शिवाय हे काम पुस्तकावर येत नाही. शेकडो तास समोर माणूस बसवून, मागे अनुभवी मार्गदर्शक ठेवून ते शिकावे लागते. हे तास बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतात. काही ठिकाणी तर इंटर्नकडूनच फी घेतात. पदवीनंतर मार्गदर्शकाला दाखवायच्या प्रत्येक केसचे तासाप्रमाणे पैसे मोजावे लागतात. कर्जाच्या अर्जात यातला एकही खर्च लिहिलेला नसतो.

त्यात आणखी एक दार बंद झाले. आरोग्यसेवेशी जोडलेले अभ्यासक्रम, मानसशास्त्रासह, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायचे नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले आणि २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ते लागू केले. निर्णयामागचा विचार पटण्यासारखा आहे. रडणाऱ्या माणसासमोर गप्प कसे बसायचे, हे टपालाने आलेल्या पुस्तकातून शिकता येत नाही. पण इग्नूसारख्या विद्यापीठातून नोकरी सांभाळत एम.ए. करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या गृहिणी यांचा परवडणारा रस्ता तोच होता. दर्जासाठी तो बंद करणाऱ्यांवर दर्जेदार रस्ता परवडणारा करण्याची जबाबदारी येते. ती कुणी उचललेली दिसत नाही.

आता कमाईकडे वळू. समुपदेशनाच्या एका सेशनचे दोनशे रुपये घेतले, तर फक्त १०,४०० चा हप्ता भरायला महिन्याला ५२ सेशन लागतात. पाचशे घेतले तर २१, हजार घेतले तर अकरा. खोलीचे भाडे, वीज, मार्गदर्शकाची फी आणि स्वतःचे जेवण याच्यानंतर. हे काम करणारे सांगतात की दिवसाला चार-पाच माणसांपलीकडे नीट ऐकणे होत नाही. कानावर पडते, आत जात नाही. म्हणजे नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलीने गुलमंडीच्या एखाद्या बोळात दोनशे रुपये फी ठेवून बसायचे ठरवले, तर महिन्यातले तेरा भरगच्च दिवस ती फक्त बँकेसाठी ऐकेल. आणि नव्या माणसाचे दिवस भरगच्च नसतात. म्हणून ती तसे ठरवणारच नाही. ती पुण्याला राहील, ऑनलाइन सेशन घेईल, हजार-पंधराशे मोजणाऱ्या आयटीतल्या तरुणांच्या ताणतणावावर काम करेल. तेही दुःख खरेच आहे आणि तीही चुकत नाही. पण तिची खुर्ची कुठे मांडली जाणार हे बँकेने कर्ज मंजूर केले त्याच दिवशी ठरून गेलेले असते. समुपदेशकाचा हप्ता जितका मोठा, तितका त्याच्या दारात येणारा माणूस पैसेवाला. म्हणूनच मानसशास्त्राच्या पदवीवरचे कर्ज ही एका कुटुंबाची खासगी बाब राहत नाही.

मराठवाड्यासाठी या वाक्याचा अर्थ कडू आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही आलेले नाही. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हजाराहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यामागे पीक, पाऊस, सावकार हे सगळे आहे, आणि समुपदेशनाने कर्ज फिटत नाही हेही खरे. तरीही त्या घरात मागे राहिलेल्या बाईला, शाळेत मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या तिच्या मुलाला कुणाशी बोलावेसे वाटले तर जायचे कुठे? जिल्हा रुग्णालय, नाही तर शहरातले घाटी हे सरकारी रुग्णालय. घाटीत केसपेपर काढून मनोविकार विभागासमोर बसलेल्या माणसाला डॉक्टर भेटतो, गोळी मिळते. गोळीबरोबर लागणारा पाऊण तास देण्याइतकी माणसे कुठल्याच सरकारी दवाखान्यात नसतात. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहापैकी एका प्रौढाला काही ना काही मानसिक आजार आढळला होता. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. गरज एवढी मोठी आणि कमाई एवढी कमी, याचे कोडे इथेच सुटते: ज्याला गरज आहे त्याच्या खिशात पैसे नाहीत, आणि त्याच्या वतीने पैसे मोजायला सरकार पुढे येत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आहे. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्याने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. १४४१६ ही टेली-मानसची मोफत हेल्पलाइन २०२२च्या याच तारखेपासून चालू आहे, आणि आज हे वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर त्याने तो क्रमांक निःसंकोच फिरवावा. पण यातली बरीच पदे कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर सात वर्षांचे कर्ज कोण काढील?

खरे तर कर्जाविना शिक्षण उभे करण्याचा धडा या शहराला नवा नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १९५८ साली विद्यापीठ आले. मिलिंदच्या नागसेनवन परिसरात नुसते वर्ग बांधले नाहीत, वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला फीपेक्षा दोन वेळचे जेवण आणि रात्रीची पथारी जड जाते, हे बांधणाऱ्यांना माहीत होते. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्यामुळे अंगावर कर्ज न घेता बाहेर पडला. त्याच घरांतली तिसरी पिढी आज बँकेत सहकर्जदार म्हणून बापाची सही घेऊन शिकते आहे.

इथे कुणी म्हणेल की इंजिनिअर, बी.एड.वाले, सगळेच कर्ज काढतात. मानसशास्त्राचेच कौतुक कशाला? फरक आहे. घाटीत शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते, कारण तो शिकता शिकता रुग्ण पाहतो, हे सरकारला मान्य आहे. मानसशास्त्राची विद्यार्थिनीही शिकता शिकता माणसेच पाहते. तिला प्रमाणपत्र मिळते. इंग्लंडमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीच्या तीन वर्षांच्या डॉक्टरेटसाठी निवडलेल्या उमेदवाराला तिथली सार्वजनिक आरोग्यसेवा पगारावर ठेवते आणि त्याची फीही भरते. ते श्रीमंत राष्ट्र आहे, हे मान्य. पण आपल्याकडेही बंगळूरच्या निम्हान्समध्ये एम.फिल.च्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळत आले आहे. म्हणजे कल्पना परकी नाही. ती बंगळूरहून आमच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत आणायची आहे.

त्यासाठी निमित्तही समोर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी बंधनकारक मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, ही त्यातली एक. मराठवाड्यातल्या शाळा आणि शिकवण्या मोजा म्हणजे किती माणसे लागतील ते कळेल. ही पदे मंजूर वेतनश्रेणीवर भरली तर आमच्या काउंटरवरच्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. ती आठवड्यातून एकदा येणाऱ्या मानधनी पाहुण्याने भरली, किंवा चित्रकलेच्या सरांनाच दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन कागदावर भरली, तर सूचना पाळल्या जातील आणि मुले होती तिथेच राहतील. आमची मागणी साधी आहे: प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन द्या, नंतर नियमित पद द्या, आणि त्याच्या बदल्यात तीन वर्षे आपल्या जिल्ह्यात काम करण्याचा करार करून घ्या. डॉक्टरांकडून आपण बंधपत्र घेतोच.

हे होईल तेव्हा होईल. जून मात्र आठ महिन्यांवर आला आहे. कर्जाच्या ज्या सवलती आहेत त्यांची अट आधी वाचावी. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, तीन टक्के व्याजसवलत आहे. पण ती यादीतल्या निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांनाच. प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळते, असे एजंट हमखास सांगतो. ती जुन्या करप्रणालीत मिळते, आणि ज्याचा पगार कराच्या कक्षेतच येत नाही त्याला तिचा उपयोग शून्य. तारण मागत नाहीत म्हणून कर्ज सोपे वाटते. पण हप्ता चुकला की मुलीबरोबर बापाचाही सिबिल बिघडतो आणि धाकट्याच्या वेळी बँक दार लावून घेते. आमचे मत विचाराल तर, पहिल्या नोकरीच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात हप्ता बसत नसेल तर ते कर्ज घेऊ नये. आणि तो पगार कॉलेजच्या जाहिरातीतून घेऊ नये, दोन वर्षांपूर्वी तिथूनच बाहेर पडलेल्या चार मुलींना फोन करून विचारावा.

त्या गृहस्थांशी बोलताना आम्ही हप्त्याचा आकडा बिलावर लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. तेवढ्यात एक बाई आल्या, "दादा, परकराचं कापड दाखवा," म्हणाल्या. त्यांनी तागा उलगडला. बाईंनी किनार उलटून पाहिली, चिमटीत धरून धागा ओढला, उजेडात नेले, रंग जाईल का विचारले आणि मग भावाला सुरुवात केली. शंभर रुपये मीटरच्या कापडासाठी पंधरा मिनिटे गेली. त्या गेल्यावर ते म्हणाले, "रोखीचं गिऱ्हाईक असं असतं साहेब. उधारीवाला कधी भाव करत नाही. माल उलटूनसुद्धा बघत नाही, नुसता उचलतो."

मग स्वतःच थांबले. बिल पुन्हा उलटे केले आणि आकड्यांच्या बाजूला उरलेल्या जागेत लेकीने त्या विद्यापीठाला विचारायचे प्रश्न लिहायला घेतले. मान्यता कुणाची. मागच्या वर्षी किती जणींना नोकरी लागली, कुठे, कितीवर. प्रॅक्टिकलला पेशंट कुठले. जागा संपली तेव्हा त्यांनी गल्ल्याजवळून दुसरे कोरे बिल मागून घेतले.